शिंपल्यांची बखर

बखरकाराला आश्रयदाता असतो, शिंपल्याला नसतो. म्हणूनच त्याची साक्ष इतिहासाच्या अभ्यासकाने ऐकावी. आइसलँडच्या उत्तरेकडील थंड समुद्रतळावर राहणारा ‘आर्क्टिका इस्लँडिका’ हा शिंपला आपल्या कवचात दरवर्षी चुन्याचा एक थर चढवतो. खोडातील वलयांप्रमाणे हे थर मोजता येतात आणि थरातील जड व हलक्या ऑक्सिजनच्या प्रमाणावरून त्या वर्षीच्या समुद्राच्या स्थितीचा, मुख्यतः तापमान व क्षारतेचा, अंदाज बांधता येतो. २००६ साली तेथून बाहेर काढलेल्या एका शिंपल्याचा जन्म १४९९ च्या सुमाराचा असल्याचे पुढे २०१३ मध्ये ठरले. वय कळण्याआधीच त्याचा जीव गेला होता.

मृत शिंपल्यांचे थर जिवंतांच्या थरांशी जुळवून संशोधकांनी सुमारे हजार वर्षांची सलग नोंद सिद्ध केली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, सन १००० ते १८०० या काळात बदल आधी समुद्रात घडत व उत्तर गोलार्धातील हवेचे तापमान त्यामागून बदले. १८०० नंतर, औद्योगिक युगात, हा क्रम उलटला : हवा पुढे, समुद्र मागे. त्या काळच्या एकाही इतिहासकाराला न दिसलेला हा पालट शिंपल्यांनी नोंदवून ठेवला होता.