सोलापूर आणि कलबुर्गी : बसवकल्याण परिसराची दोन शहरांकडची ओढ

आपले बसवकल्याण बीदर जिल्ह्यात असले तरी इथल्या मराठी कुटुंबांचे जाणे-येणे मुख्यतः दोन मोठ्या शहरांशी आहे : कलबुर्गी आणि सोलापूर. कलबुर्गी सुमारे ८० किलोमीटरवर आहे. सोलापूर त्याहून लांब, उमरगा-नळदुर्गच्या वाटेने. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या सुमारे साडेनऊ लाख आणि कलबुर्गीची सव्वापाच लाखांच्या वर होती. (लातूर-उदगीरशी आपली सोयरीक दाट आहे, पण तो वेगळा विषय.)

सोलापूर मराठी आणि कलबुर्गी कानडी, असे आपण सहज बोलून जातो. जुना इतिहास तसा सरळ नाही. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर म्हणजे बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धराम. त्यांची वचने कन्नडमध्ये आहेत आणि परंपरेनुसार ते कल्याणच्या अनुभव मंटपात येऊन अल्लमप्रभूंच्या नंतर शून्यसिंहासनावर बसले. म्हणजे त्या काळी सोलापूरचा माणूस ज्ञानासाठी आपल्या गावी येत होता! उलट, याच कल्याणच्या चालुक्य दरबारात तिसऱ्या सोमेश्वराने लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेला सोलापुरात आजही मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे भाविक असतात, तर कलबुर्गी जिल्ह्यातील गाणगापूरला दत्तदर्शनासाठी येणाऱ्यांत मराठी माणसे फार मोठ्या संख्येने असतात.

निजामाच्या राज्यात कलबुर्गी आणि कल्याण एकाच सरकारखाली होते, कचेरीची भाषा उर्दू. सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. म्हणूनच १९३८ च्या डिसेंबरमध्ये निजामाविरुद्धच्या सत्याग्रहाची आर्य परिषद सोलापुरात भरू शकली. रझाकारांच्या दिवसांत सीमेवरची कितीतरी कुटुंबे सोलापूर-बार्शीकडे आश्रयाला गेली. आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी सोलापूरचे नाव आपुलकीने घेत, त्यामागे हेही एक कारण आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहिराबाद, नारायणखेड आंध्रात आणि आपण म्हैसूरमध्ये. तेव्हापासून कलबुर्गीचे वजन वाढत गेले. १९८० मध्ये गुलबर्गा विद्यापीठ झाले. विभागीय आयुक्तांची कचेरी, वीज कंपनी आणि सरकारी बससेवा यांची मुख्यालये तिथेच आहेत. २००८ पासून उच्च न्यायालयाचे पीठही आल्याने बेंगळुरूची खेप वाचली. आळंद तालुक्यात, कडगंचीला, केंद्रीय विद्यापीठ उभे राहिले. २०१२ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या ३७१ (जे) कलमाखाली नोकरी आणि प्रवेशात आरक्षण मिळते, ते या भागाचा रहिवासी म्हणूनच. ज्या घरात मुलगा सरकारी नोकरीच्या तयारीत आहे, त्या घराचे तोंड कलबुर्गीकडे वळणारच.

बँकेच्या नोकरीत मला हा फरक कागदांवर दिसायचा. एकाच कुटुंबाची जमीन सीमेच्या दोन्ही बाजूंना. पलीकडच्या शेताचा सातबारा मराठीत, अलीकडची पहाणी कन्नडमध्ये. कर्जाच्या अर्जावर सही मात्र मराठीच. पहाणी संगणकावर आल्यानंतर ती वाचून घ्यायला वडील मुलाला सोबत आणू लागले, कारण मुलगा कन्नड शिकलेला होता. सोलापूरकडे माणूस कागदासाठी जात नाही; लग्नाचा बस्ता, देवदर्शन, नातेवाईक, मराठी नाटक, मराठी वर्तमानपत्र यांसाठी जातो. माझ्या मते ही ओढ जुनी आहे, पण तिला रोजच्या गरजेचा टेकू नाही.

सीमेपलीकडे हेच चित्र उलटे आहे. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत, बालभारती त्यांच्यासाठी कन्नड पुस्तके छापते. तिथल्या पालकांना हीच चिंता आहे. सीमाप्रश्नावर बोलताना आपण त्यांची आठवण क्वचितच काढतो.

खरी कसोटी दहावीनंतर लागते. कर्नाटक सरकार मराठी माध्यमाची पुस्तके काढते, त्यामुळे दहावीपर्यंत मराठी टिकते. कन्नड भाषा शिक्षण कायदा २०१५ प्रमाणे कन्नडही शिकावीच लागते, आणि ते मुलांच्या फायद्याचेच आहे. पण पी.यू.सी.ला माध्यम इंग्रजी किंवा कन्नड होते आणि मराठी विषय म्हणून घ्यायची सोय थोड्याच ठिकाणी असते. मग मराठीसाठी सोलापूर किंवा उदगीर गाठायचे, तर दुसऱ्या राज्यातले शिक्षण, प्रवेशाची कागदपत्रे, खोलीभाडे. बहुतेक घरे इथे थांबतात. गुलबर्गा विद्यापीठात मराठी विभाग आहे, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना माहीत नसते. ज्यांची मुले यंदा दहावीत आहेत, त्यांनी जवळच्या पी.यू. महाविद्यालयांत मराठी विषय मिळतो का, हे निकालाची वाट न पाहता आधीच विचारून ठेवावे. पुरेसे विद्यार्थी नसले तर विषय बंद होतो.