पोरक्या सेवांची कुळकथा

कोणी आज्ञा देत नसता, कोणी यंत्रासमोर बसलेले नसता, नेमून दिलेले काम मुकाट्याने उरकीत राहणारा प्रोग्राम ही कल्पना लिनक्सहून पुष्कळ जुनी आहे. तिचा मूळपुरुष १९६३ च्या सुमारास एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमध्ये, आयबीएम ७०९४ या यंत्रावर अवतरला, आणि फायलींच्या नकला चुंबकीय फितीवर उतरवून ठेवणे एवढीच त्याची चाकरी होती. या घराण्याचा कुळाचार मात्र ठरला तो १९६९ नंतर बेल लॅब्जमध्ये वाढलेल्या युनिक्सच्या अमदानीत.

युनिक्समधील प्रत्येक प्रोसेसला जनक असतो, आणि माणसाने सुरू केलेली प्रोसेस त्याच्या टर्मिनलच्या अंमलाखाली असते. त्या काळी टर्मिनल पुष्कळदा टेलिफोनच्या तारेने यंत्रास जोडलेले असे. तार तुटली की कर्नल ‘हँगअप’चा सिग्नल धाडी, आणि त्या टर्मिनलवरच्या प्रोसेस बहुधा जागीच बरखास्त होत. मालक उठून गेल्यावरही जिला जगावयाचे, अशा सेवेसाठी तेव्हा एक विलक्षण विधी रूढ झाला: तिने ‘फोर्क’ करून अपत्य जन्मास घालावे व आपण मरावे; अपत्याने नवे सेशन मांडून टर्मिनलशी नाते तोडावे; परंतु सेशनचा म्होरक्या पुन्हा एखाद्या टर्मिनलच्या कह्यात जाऊ शकतो, म्हणून त्यानेही दुसरे अपत्य मागे ठेवून प्राण सोडावा; आणि उरलेल्या नातवाने कामास लागावे. अशा पोरक्या प्रोसेसचे पालकत्व पहिल्या क्रमांकाची प्रोसेस, म्हणजे ‘इनिट’, आपल्याकडे घेई.

या दत्तकविधानात एक मोठे वैगुण्य होते. सेवा सुरू करणाऱ्या स्क्रिप्टला पुढे तिचा ठावठिकाणा उरत नसे, म्हणून सेवा आपला प्रोसेस-क्रमांक एका फायलीत नोंदवून ठेवी. ती अकस्मात मेली तर नोंद तशीच राही, तोच क्रमांक कालांतराने एखाद्या निरपराध प्रोसेसच्या वाट्यास येई, आणि थांबविण्याचा हुकूम सुटताच भलत्याच्याच गळ्यास फास लागे. इतक्या कच्च्या दप्तरावर एवढाले सर्व्हर वर्षानुवर्षे चालले, याचे मला आजही नवल वाटते.

२००८ साली लिनक्सच्या कर्नलमध्ये ‘सीग्रुप’ आले, त्यामुळे सेवेची सारी संतती एकाच खात्यावर मांडता येऊ लागली; आणि २०१० साली लेनार्ट पोटरिंग व के सीव्हर्स यांनी ‘इनिट’च्या जागी ‘सिस्टमडी’ पुढे आणून जुना विधीच अनावश्यक ठरविला. सेवेने पळून जाऊ नये, पहिल्या प्रोसेसच्या नजरेखालीच राबावे, मेली तर त्या पहिल्या प्रोसेसनेच तिला पुन्हा उभी करावी, असा हा बंदोबस्त. ॲपलच्या ‘लाँचडी’त तो आधीच होता, आणि पोटरिंगने ते ऋण मोकळेपणी मान्य केले.

डेस्कटॉपवर प्रत्येक वापरकर्त्यास लॉगिन करताच त्याचा स्वतःचा सिस्टमडी मिळतो, आणि शेवटचे सेशन संपले की तोही आवरते घेतो. २०१६ च्या २३० व्या आवृत्तीने याच्याही पुढे जाऊन लॉगआउट होताच मागे राहिलेली प्रत्येक प्रोसेस मारण्याचा नियम घातला, तेव्हा ‘स्क्रीन’ किंवा ‘टीमक्स’मध्ये रात्रभराचे काम सोडून घरी जाणारी मंडळी इतकी खवळली की डेबियनने तो नियम आपल्यापुरता रद्दच केला. आपली सेवा सेशनपलीकडे जिवंत ठेवावयाची तर ‘लिंगर’चा परवाना घ्यावा लागतो, तो मिळाल्याची नोंद म्हणजे सिस्टमडीच्या दप्तरात वापरकर्त्याच्या नावाने पडलेली एक रिकामी फाइल.