वेळापूरचा पालखी मुक्काम

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील वेळापूर हे गाव अर्धनारीनटेश्वराचे हेमाडपंती मंदिर व यादवकालीन मराठी शिलालेख यांकरिता इतिहासज्ञांस परिचित आहे. वारकऱ्यांस ते ज्ञानेश्वरांच्या पालखीचा मुक्काम म्हणून ठाऊक आहे. ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून निघालेली पालखी आषाढ शुद्ध दशमीस पंढरपुरास पोहोचते. सोहळ्याची शिस्त एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी लावली. अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे, तंबू इ. लवाजमा पुरविला.

आल्प्समधील शामोनी ते झेरमाट या हिमनद्यांवरील स्कीप्रवासात रात्रीचे निवारे कायमचे बांधलेले असतात. वारीत निवाराच प्रवाशांबरोबर चालतो. दिंड्यांचे सामान पुढे जाते, राहुट्या उभ्या राहतात व पहाटे उपटल्या जातात. हा अफाट समुदाय आवरला जातो तो मुख्यतः समाजआरतीच्या वेळी. चोपदाराने चोप उंचावताच टाळ-मृदंग थांबतात. जिची तक्रार असेल ती दिंडी मात्र टाळ वाजवीत राहते आणि तिचे गाऱ्हाणे सर्वांदेखत ऐकले जाते. हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारतात, उद्याच्या प्रस्थानाची वेळ सांगतात.

वेळापूरच्या अलीकडील उतारावर वारकरी धावत सुटतात. तेथून तुकारामांना विठ्ठलमंदिराचा कळस दिसला, अशी श्रद्धा त्यामागे आहे. वस्तुतः पुढे भंडीशेगाव व वाखरी हे मुक्काम उरलेलेच असतात.

कोविडच्या साथीमुळे २०२० व २०२१ मध्ये पादुका एस.टी. बसने पंढरपुरास नेण्यात आल्या व वेळापूरचा मुक्काम चुकला. २०२२ मध्ये पायी वारी पुन्हा सुरू झाली.