चार छिद्रांची शस्त्रक्रिया
15 जुलै 1882 रोजी बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी एका रुग्णाचे अख्खे पित्ताशय काढले. तोवर शल्यविशारद पिशवी उघडून नुसते खडे काढत आणि खडे पुन्हा होत. खडे जिथे तयार होतात ती पिशवीच काढा, हा लांगेनबुख यांचा विचार बरोबर ठरला.

पुढची शंभर वर्षे वाट तीच राहिली. उजव्या बरगडीखाली वीतभर छेद, कापलेले स्नायू, आठवडाभर वॉर्डात मुक्काम. खोकला आला की पोट हाताने दाबून धरायचे. खरे दुखणे पित्ताशयाचे नव्हे, तिथवर पोहोचायच्या वाटेचे होते.

12 सप्टेंबर 1985 रोजी जर्मनीतल्या ब्योब्लिंगेन गावी एरिक म्यूहे यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढले. पुढच्या वर्षी देशातल्या शल्यविशारदांच्या संघटनेत त्यांची टर उडवली गेली. 1992 मध्ये त्याच संघटनेने त्यांचा सन्मान केला. स्त्रीरोगतज्ज्ञ मात्र कितीतरी आधीपासून दुर्बीण वापरत होते.

मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया 1972 पासूनच पोटात दुर्बीण घालून निदान करत. तेव्हा सोनोग्राफी, सीटी स्कॅन हाताशी नव्हते. 1990 मध्ये त्यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढले. विकसनशील देशांतली ती पहिली अशी शस्त्रक्रिया मानली जाते. महागडे यंत्र गरिबांच्या रुग्णालयात कशाला, हा प्रश्न साहजिक होता. पण हातावर पोट असलेल्या माणसाला खाटेवरचा प्रत्येक दिवस मजुरीला मुकवतो. लवकर कामावर परतण्याची निकड त्यालाच सर्वांत जास्त, हे उदवाडियांचे म्हणणे मोलाचे होते.

या शस्त्रक्रियेत बेंबीजवळच्या छिद्रातून कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात. आणखी तीन छिद्रांतून अवजारे जातात. दुर्बिणीतले दृश्य पडद्यावर बघत पित्ताशयाची नळी आणि रक्तवाहिनी क्लिप लावून कापायची, पिशवी यकृतापासून सोडवायची. बरेच रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात.

सोय झाली तशा शस्त्रक्रियाही वाढल्या. अमेरिकेत 1990 नंतर पित्ताशय काढण्याचे प्रमाण चढले. लोकांच्या पोटातले खडे काही एकाएकी वाढले नव्हते. नवे तंत्र शिकण्याच्या काळात मुख्य पित्तनलिकेलाच इजा होण्याचे प्रसंगही वाढले, आणि ती इजा जन्मभर छळू शकते. म्हणून 1995 मध्ये शल्यविशारद स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी आग्रह धरला: पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोनच रचना स्वच्छ दिसल्याशिवाय क्लिप लावायची नाही. त्रास न देणारे खडे तर बहुतेक वेळा तसेच राहू देतात.