क्रॉन्काइट बोलला आणि देश फिरला?

अमेरिकन लोकमताचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. २७ फेब्रुवारी १९६८ ची रात्र. सीबीएसचा वॉल्टर क्रॉन्काइट, ज्याच्या बातम्यांवर अख्ख्या देशाचा विश्वास, नुकताच व्हिएतनामहून परतलाय. कार्यक्रमाच्या शेवटी तो सरळ सांगून टाकतो की हे युद्ध जिंकता येणार नाही, कोंडी झालीये, वाटाघाटी करून बाहेर पडलेलं बरं. तिकडे व्हाइट हाउसमध्ये टीव्हीसमोर बसलेले अध्यक्ष लिंडन जॉन्सन हताश होऊन म्हणतात, क्रॉन्काइट गेला म्हणजे देश गेला. पाच आठवडेही होत नाहीत तोच, ३१ मार्चला, ते जाहीर करतात की मी पुन्हा निवडणूक लढवणार नाही. एक माणूस टीव्हीवर बोलला आणि देशाचं मत फिरलं!

गोष्ट झकास आहे. फक्त त्या रात्री जॉन्सन व्हाइट हाउसमध्ये नव्हतेच. ते टेक्सासात ऑस्टिनला गव्हर्नर जॉन कॉनली यांच्या ५१ व्या वाढदिवसाच्या पार्टीत होते. तिथे त्यांनी विनोदही केला, की ५१ म्हणजे साधं बहुमत, याच आकड्यासाठी तर प्रत्येक राजकारणी देव पाण्यात घालून बसतो. डब्ल्यू. जोसेफ कॅम्पबेल या अभ्यासकाने २०१० च्या पुस्तकात हे सगळं नीट उकलून दाखवलंय. जॉन्सनच्या तोंडचं ते प्रसिद्ध वाक्यही प्रत्येक पुस्तकात वेगळं सापडतं. कुठे ‘देश गेला’, कुठे ‘मध्यमवर्गीय अमेरिका गेली’, कुठे ‘युद्ध गेलं’. एकाच वाक्याच्या इतक्या आवृत्त्या दिसल्या की समजावं, कुणीतरी नंतर फोडणी दिलीय.

वाढदिवसाचं सोडा, खरी गंमत आकड्यांत आहे. गॅलप ही संस्था १९६५ पासून लोकांना पुन्हा पुन्हा एकच प्रश्न विचारत होती: व्हिएतनाममध्ये लढायला सैन्य पाठवून अमेरिकेने चूक केली का? ऑगस्ट १९६५ मध्ये ‘हो, चूक’ म्हणणारे होते २४ टक्के. मे १९६६ मध्ये ३६. ऑक्टोबर १९६७ मध्ये ४७, आणि ‘चूक नाही’ म्हणणारे ४४. म्हणजे काटा पहिल्यांदा पलीकडे झुकला तो ऑक्टोबर १९६७ मध्ये. क्रॉन्काइटच्या कार्यक्रमाच्या चार महिने आधी. टेटचा हल्ला, ज्यात सायगावच्या अमेरिकन दूतावासाच्या आवारात शत्रू घुसला, तो जानेवारी १९६८ च्या अखेरचा, म्हणजे तोही नंतरचाच. फेब्रुवारी १९६८ च्या सुरुवातीला ‘चूक’ म्हणणारे ४६ टक्के होते आणि मार्चमध्ये ४९. इतका मोठा हल्ला झाला, क्रॉन्काइट बोलला, तरी हा आकडा हलला तीन टक्के!

मग ऑक्टोबरपर्यंत असं झालं काय होतं? टीव्हीवर नाट्यमय म्हणावं असं फारसं काहीच नाही. फक्त बिलं येत होती. १९६६ या एका वर्षात पावणेचार लाखांहून जास्त तरुणांना सक्तीच्या भरतीचं पत्र गेलं. १९६५ मध्ये साधारण १,९०० अमेरिकन सैनिक मेले, १९६६ मध्ये ६,३००, १९६७ मध्ये ११,३००. त्यातच ऑगस्ट १९६७ मध्ये जॉन्सननी काँग्रेसकडे प्राप्तिकरावर १० टक्के अधिभार मागितला आणि आणखी सैन्य पाठवणार असल्याचंही सांगितलं. पोरगं पण द्या आणि पैसे पण द्या. सरकारलाही ही घसरण दिसत होती. म्हणून तर नोव्हेंबरमध्ये जनरल वेस्टमोरलँडना वॉशिंग्टनला बोलावून, शेवट आता नजरेच्या टप्प्यात येतोय असं भाषण करायला लावलं. त्याने डिसेंबरमध्ये आकडा थोडा सावरला सुद्धा. पण मग दोनच महिन्यांत टेट, आणि त्या भाषणाची पार फजिती.

आता इथे जॉन म्युलर या राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाकडे वळायला हवं. १९७३ च्या ‘वॉर, प्रेसिडेंट्स अँड पब्लिक ओपिनियन’ या पुस्तकात त्याने एक साधी गोष्ट केली. एका अक्षावर युद्धाचा पाठिंबा घेतला आणि दुसऱ्यावर हताहत अमेरिकनांची एकूण संख्या, मेलेले, जखमी, बेपत्ता सगळे धरून. पण ही संख्या त्याने लॉग स्केलवर मांडली. आलेख जवळजवळ सरळ रेषेत आला! हताहतांची संख्या दहापट झाली की पाठिंबा साधारण १५ टक्क्यांनी खाली. शंभराचे हजार झाले, १५ टक्के गेले. हजाराचे दहा हजार झाले, आणखी १५. आमच्या धंद्यात सर्व्हरचे आलेख बघताना लॉग स्केल रोजचाच, पण माणसांच्या मरणाला तो लागू पडलेला पाहून जरा चरकायला होतं. कारण त्याचा अर्थ असा, की सुरुवातीचे काही शेकडे मृत्यू जितकी मतं फिरवतात, तितकीच मतं फिरायला पुढे हजारो मृत्यू लागतात. काठावरचे आधी पडतात, आणि जे उरतात त्यांना कशानेच फरक पडत नाही.

आणि हेच सूत्र कोरियन युद्धालाही चपखल बसलं. विचार करा, कोरियाच्या वेळी (१९५० ते ५३) बहुतेक घरांत टीव्ही नव्हता. विद्यार्थ्यांचे मोर्चे नव्हते, लांब केसांचे हिप्पी नव्हते, क्रॉन्काइट तर नव्हताच. तरी ऑगस्ट १९५० मध्ये २० टक्के असलेला ‘चूक’चा आकडा, चीनने उडी घेतल्यावर, जानेवारी १९५१ मध्ये ४९ वर गेला. टीव्हीने व्हिएतनाम हरवलं म्हणणाऱ्यांनी (अमेरिकेत असे भरपूर आहेत, त्यात जनरल मंडळीही आली) कोरियाचं काय करायचं ते सांगावं.

म्युलरच्या सूत्रावर नंतर आक्षेपही आले. गार्टनर आणि सेगुरा यांनी दाखवलं की एकूण बेरजेपेक्षा आपल्या भागातले किती मेले याचा परिणाम माणसावर जास्त होतो. पटण्यासारखं आहे. शिवाय दर ठरलेला नसतो. २००३ च्या मार्चमध्ये, इराक युद्ध सुरू झालं तेव्हा, ते चूक आहे म्हणणारे २३ टक्के होते. जून २००४ मध्ये ते ५४ झाले, आणि तोवर मेलेले अमेरिकन हजाराच्याही आत होते. व्हिएतनामच्या वेळी ५० च्या जवळ पोचायला वीस हजार लागले. कम्युनिझम अडवणं लोकांना जितकं मोलाचं वाटत होतं तितकं इराक वाटलं नाही, असा म्युलरचा खुलासा. म्हणजे लोक मनात दोन पारडी धरून असतात, आणि वजन फक्त एकातच पडत नाही.

पण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते वेगळ्याच आकड्यांनी. ‘चूक झाली’ म्हणणारे सगळे शांततावादी होते असं आपण धरून चालतो. नव्हते हो. गॅलप लोकांना हेही विचारायचं की तुम्ही स्वतःला ससाणा म्हणवाल की कबुतर, म्हणजे युद्ध वाढवा म्हणणारे की आवरा म्हणणारे. टेटच्या हल्ल्यानंतर लगेच, फेब्रुवारी १९६८ च्या सुरुवातीला, ससाणे झाले ६१ टक्के! लोक आधी चिडले होते, ठोका म्हणत होते. मार्चमध्ये ते ४१ वर आले, कबुतरं ४२. आता ही उडी खरी, आणि हिच्यात क्रॉन्काइटचा वाटा थोडाफार असेलही. पण त्याच सुमारास खुद्द सरकारात फूट पडली होती. नवे संरक्षणमंत्री क्लार्क क्लिफर्ड शंका काढत होते आणि डीन ॲचेसनसारखे जुनेजाणते मुरब्बी जॉन्सनना सांगत होते की आता आवरतं घ्या. वरचे एकमुखी असतात तोवर खालचे त्यांच्यामागे जातात आणि वर फूट पडली की खालीही पडते, असं जॉन झॅलरने १९९२ मध्ये सविस्तर मांडलं. त्याच्या हिशोबात ओघ वरून खाली असतो.

न्यू हॅम्पशायरचं प्रकरण तर भारीच आहे. १२ मार्च १९६८ च्या तिथल्या प्रायमरीत युद्धविरोधी युजीन मॅकार्थीला ४२ टक्के मतं पडली, जॉन्सनना ४९. अध्यक्षाला त्याच्याच पक्षात इतकी टक्कर! सगळ्यांनी अर्थ लावला की शांततेचा विजय झाला. पुढे मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासलं तर मॅकार्थीच्या मतदारांत, जॉन्सन पुरेसं कडक लढत नाहीत म्हणून नाराज असलेलेच जास्त निघाले, तीनास दोन या प्रमाणात. एकाच पेटीत दोन उलट्या चिठ्ठ्या.

वयाचंही तसंच. तरुण विरोधात आणि म्हातारे बाजूने, हे सिनेमातलं चित्र. गॅलपच्या पाहण्यांत सुरुवातीची कित्येक वर्षं तिशीच्या आतले लोक पन्नाशीपुढच्यांपेक्षा युद्धाच्या बाजूने जास्त होते, आणि कॉलेजात शिकलेले कमी शिकलेल्यांपेक्षा जास्त. मोर्चेकऱ्यांचं तर लोकांना प्रेम कधीच नव्हतं. मे १९७० मध्ये केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी मेले, तेव्हा न्यूजवीकसाठी घेतलेल्या पाहणीत ५८ टक्के लोकांनी दोष निदर्शकांना दिला, गार्डला फक्त ११ टक्क्यांनी. मार्च १९७१ मध्ये माय लाय हत्याकांडासाठी लेफ्टनंट कॅली दोषी ठरला, आणि गॅलपला ७९ टक्के लोकांनी सांगितलं की हा निकाल आम्हाला मान्य नाही. दोनच महिन्यांनी त्याच देशात ६१ टक्के लोक म्हणाले, युद्ध ही चूक होती. कुणासाठी चूक, ते या दोन आकड्यांवरून कळतं. व्हिएतनामी माणूस त्या तराजूत जवळपास कुठे नव्हताच.

रिचर्ड निक्सन यांना हे नेमकं कळलं होतं असं माझं मत आहे. त्यांनी युद्ध थांबवलं नाही, त्याची घरची किंमत कमी केली. एप्रिल १९६९ मध्ये व्हिएतनाममध्ये ५ लाख ४३ हजार अमेरिकन सैनिक होते, १९७२ च्या अखेरीस २५ हजारांच्या आत. डिसेंबर १९६९ मध्ये भरतीसाठी लॉटरी आली, म्हणजे ज्याच्या जन्मतारखेला वरचा नंबर लागला तो सुटला, आणि त्याचे आईबाप पण. शवपेट्या कमी झाल्या. विमानं मात्र उडतच होती, कंबोडियावर चोरून आणि उत्तर व्हिएतनामवर उघड. नोव्हेंबर १९६९ च्या त्यांच्या ‘मूक बहुसंख्य’ भाषणानंतर त्यांची लोकप्रियता ६७ टक्क्यांवर गेली, आणि हे ‘चूक’ म्हणणारे निम्म्याहून जास्त असताना!

व्हिएतनाममध्ये एकूण ५८ हजारांवर अमेरिकन मेले. त्यातले साधारण २० हजार १९६७ च्या अखेरपर्यंत आणि बाकीचे ३८ हजार त्यानंतर. व्हिएतनामी मृतांचा हिशोब तर लाखांत आहे. पॅरिस करारावर सह्या झाल्या त्याच दिवशी, २७ जानेवारी १९७३ ला, सक्तीची भरती संपल्याचीही घोषणा झाली. तोवर गॅलपच्या त्या प्रश्नावर काटा पहिल्यांदा झुकल्याला पाच वर्षं उलटून गेली होती.