तेलवातीची जमीन

मागच्या वर्षी मामांचा गेवराईहून फोन आला. "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? हायवेलगत एक प्लॉट बघितलाय. जरा सातबारा काढून बघ." पुण्यात बसून दोन मिनिटांत उतारा काढला. त्यावर एक शब्द होता : खिदमतमाश.

इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत हा शब्द कधी भेटला नव्हता. खिदमत म्हणजे सेवा, माश म्हणजे उपजीविका. निजामाच्या राज्यात, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमच्या बीड जिल्ह्यातही, मशीद, दर्गा किंवा देवळाची सेवा करणाऱ्याला पगाराऐवजी जमीन लावून दिलेली असे. तिच्या उत्पन्नातून त्यानं झाडलोट आणि तेलवात करायची. त्यासाठी उमूर-ए-मजहबी हे सरकारी खातंच होतं आणि त्याच्या कक्षेत देवळंही येत.

रमजानच्या पंधरा दिवस आधी शब-ए-बरात येते. कब्रस्तान झाडून काढतात, कबरींवर फुलं वाहतात, रात्र जागवतात, घरोघर हलवा जातो. तिकडे जावा बेटावर याच महिन्यात 'न्याद्रान' होतं : सगळं गाव मिळून कबरी साफ करतं आणि एकत्र जेवतं. तिथलं स्थानिक प्रशासनही हातभार लावतं. आपल्याकडे अशा रात्रींची सोय जमिनीतच पेरून ठेवलेली होती.

१९५४ च्या हैदराबाद कायद्यानं इनामं रद्द केली, पण धार्मिक संस्थांची वगळली. शिवाय संविधानाच्या कलम २७ प्रमाणे कुठल्या एका धर्माच्या प्रसारासाठी कर भरायची सक्ती कुणावर करता येत नाही. त्यामुळे नगरपालिकेनं द्यायचं ते दिवे, पाणी, सफाई. कुठल्याही जत्रेला देते तेच. मला हे पटतं. पण मग जुन्या जमिनीचं काय? कसणारा तिचा मालक नव्हता, सेवेकरी होता. हायवेमुळे शेताचा भाव प्लॉटचा झाला. अशी जमीन विकणं म्हणजे दिव्यातलं तेल विकणं.

मामांना हे सांगितलं. "घेणारे घेतातच की," ते म्हणाले. दोन दिवसांनी परत फोन आला : "राहू दे तो प्लॉट."

यंदा शब-ए-बरातला मी गावी होतो. कब्रस्तानाच्या वाटेवर नगरपालिकेचा दिवा लागला होता. आतल्या रोषणाईसाठी पोरं वर्गणी मागत फिरत होती. मी शंभर रुपये दिले.