कोयत्याचा इतिहास

मी सूतगिरणीत रात्रपाळी करतो. आईबाप बीड जिल्ह्यातले ऊसतोडे. दोघांचा मिळून एक कोयता. नवराबायको माणसं दोन, पण मुकादमाच्या वहीत हिशेब एकाच कोयत्याचा. दसऱ्याच्या आधी उचल घ्यायची, हंगामभर फडावर ती फेडायची, अन् न फिटलेली बाकी पुढच्या हंगामाच्या बोकांडी.

हेच अर्थशास्त्र मला दक्षिण अमेरिकेतल्या गयाना या छोट्या देशाच्या इतिहासात सापडलं. इंग्रजांची ही वसाहत उसावर जगायची. 1838 साली तिथले काळे गुलाम पुरते मोकळे झाले. मळेवाल्यांना नवे हात पाहिजे होते. त्याच वर्षी, 5 मे रोजी भारतातल्या मजुरांची पहिली जहाजं तिथं लागली. पाच वर्षांचा करार – गिरमिट. काम सोडलं की तुरुंग. 1917 पर्यंत सुमारे 2 लाख 39 हजार माणसं अशी नेली. गुलामी गेली, करार आला.

1948 साली एन्मोर मळ्यावर संप झाला. ऊस तोडायचा अन् वर होडीतही भरायचा, ही सक्ती कामगारांना नको होती. 16 जूनला पोलिसांनी गोळ्या घातल्या, पाच कामगार मेले. माझी माय तोडते, मोळी बांधते, अन् डोक्यावर वाहून ट्रकातही भरते.

गयाना 1966 साली स्वतंत्र झाला. 1976 ला बुकर कंपनीचे मळे सरकारजमा झाले. मालक बदलला, कोयता त्याच हातात राहिला. पुढं तोटा वाढला, 2017 अखेर एन्मोरही बंद पडलं. 2019 पासून तिथं समुद्रातलं तेल निघतंय, पण तोडणाऱ्याची रोजी गेली ती गेलीच.

आपल्याकडं 1950 साली प्रवरेला सहकारी कारखाना उभा राहिला. शेतकरी मालक झाला, चांगलं झालं. पण सभासद व्हायला ऊस लागतो, उसाला जमीन अन् पाणी. तोडणाऱ्याकडं दोन्ही नाही. बाबासाहेबांनी 1947 सालीच ‘राज्य आणि अल्पसंख्याक’मध्ये मांडलं होतं – शेती राज्याच्या मालकीची करा, जात न बघता गावाला कसायला द्या, जमीनदार नको, भूमिहीन मजूरही नको. ते कुणी ऐकलं नाही.

1976 सालीच आपल्याकडं वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला. उचलीपायी बांधला गेलेला माणूस त्यात बसतो. म्हणून सांगतो, गावी जाल तेव्हा मुकादमाची वही बघायला मागा. आकडे उतरून घ्या. आपला इतिहास तिथं लिहिलेला आहे, आपल्याला वाचू दिलेला नाही एवढंच.